चिठ्ठी वारल्यांची, माल परक्यांचा

नगरच्या कापडबाजारांतील आयात मालाच्या एका दुकानांत परवां आम्हांस एक चादर दिसली. तीवर तारपेवाल्याभोंवतीं फेर धरणारीं माणसें, वर ‘वारली’ अशी चिठ्ठी आणि पाठीमागें परदेशी कारखान्याचा शिक्का! डहाणू-जव्हारकडे लग्नघरच्या गेरूच्या भिंतीवर सुवासिनी तांदुळाच्या पिठानें चौक लिहितात, त्या कलेची ही यंत्रावरील नक्कल. जिव्या सोमा म्हसे यांस २०११ सालीं जिच्यासाठीं पद्मश्री मिळाली, तिच्या या नकलेंतून वारल्यांस पैही मिळत नाहीं. दुकानदार म्हणतात, गिऱ्हाइकास स्वस्त हवें. असेना! स्वस्त खुशाल विका. पण वारल्यांचें नांव कां लावतां? वारली चित्रकलेस २०१४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें आहे. १९९९ चा तो कायदा नांवास जपतो, रेषेस नव्हे. तेव्हां निदान त्या चिठ्ठ्या तरी व्यापाऱ्यांनीं उद्यांच काढाव्यात.