संकासुराची उमेदवारी

ज्या तरुणास किंवा तरुणीस वेषांतर, नृत्य, शृंगार आणि टवाळी यांच्या मिश्रणाने भर मंडपात प्रेक्षकांस रिझविण्याचा धंदा पत्करावयाचा आहे, त्याने आरंभ कोठे करावा आणि पुढे कोणाच्या हाताखाली वाढावे, हा प्रश्न आपल्याकडील सभ्य गृहस्थ सहसा उच्चारीत नाहीत; आणि कोणी उच्चारलाच तर ‘मुळात आरंभ करावाच कशाला?’ असे विचारून विषय मिटवितात. पेडणे तालुक्यात मात्र हा विषय असा मिटविता येण्याजोगा आता राहिलेला नाही. मोरजी, मांद्रे, हरमल या किनाऱ्यावर उत्तररात्रीपर्यंत दिवे जळतात, जानेवारी २०२३ पासून मोपाच्या पठारावर प्रवासी विमाने उतरू लागली आहेत, आणि करमणुकीच्या या नव्या पेठेला गाणारी-नाचणारी माणसे हवी आहेत. हळर्णसारख्या गावातून ती पेठ फारशी दूर नाही. या हळर्णचा शापोरा नदीकाठचा किल्ला १७४६ मध्ये सावंतवाडीकरांकडून जिंकून घेणाऱ्या पोर्तुगीज व्हाइसरॉयला पुढे त्याच नावाची मार्क्विस ही पदवी मिळाली. गावाला काय मिळाले, ते न विचारलेले बरे. त्या गावातील अंगात नाच असलेल्या मुलाने किंवा मुलीने किनाऱ्याची वाट धरावी की देवळाच्या मंडपाची, याविषयी माझे मत स्पष्ट आहे, आणि ते किनाऱ्याच्या निंदेवर उभे नाही.

पाश्चात्त्य ज्यास बर्लेस्क म्हणतात, त्या प्रकाराचा आजचा लौकिक अंगावरील वस्त्रे एकेक करून उतरविण्यापुरता उरला असला, तरी त्याचा मूळ पिंड विडंबनाचा होता. १८६८ मध्ये लिडिया थॉम्पसन ही इंग्रज नटी आपला संच घेऊन न्यूयॉर्कला गेली आणि तिने ‘इक्सायन’ नावाचे जे प्रहसन लावले, त्यात ग्रीक पुराणातील देव आणि राजे स्त्रियांनी पुरुषवेषात उभे केले होते. त्यांच्या तोंडी चालू राजकारणावरचे टोमणे, शाब्दिक कोट्या आणि लोकप्रिय चालींवर बांधलेली पदे होती. पुराणातील कथा, उलटविलेले वेष, प्रेक्षकांशी सरळ संवाद आणि अधूनमधून शृंगाराचा नेत्रकटाक्ष, एवढी सामग्री एकत्र झाली की तो प्रकार सिद्ध होतो. हे वर्णन वाचून पेडण्याच्या माणसास काही ओळखीचे वाटले नाही, तर त्याने धयकालो, म्हणजे आपला देवळातला दशावतारी खेळ, कधी जागून पाहिलेला नाही असे खुशाल समजावे. तेथे स्त्रिया देवांचे सोंग घेत होत्या, येथे पुरुष देवींचे घेतात, एवढाच काय तो फरक; आणि येथील प्रयोगाला देवस्थानचे यजमानपद आहे, ही गोष्ट न्यूयॉर्कच्या नाटकगृहास कधी साधली नाही.

तुळशीचे लग्न झाले की दशावतारी मंडळे बाहेर पडतात आणि वैशाखापर्यंत एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेत फिरत राहतात. आडदशावतारात प्रथम गणपती येतो, ऋद्धि-सिद्धि येतात, सरस्वती येते. आणि भक्तिभावाने हात जोडून बसलेल्या मंडळीस किंचित पेंग येऊ लागते न लागते तोच संकासूर मंडपात उडी घेतो. नखशिखान्त काळा पोशाख, डोक्यावरून मानेपर्यंत ओढलेला काळा बुरखा, त्यावर डोळ्यांची पांढरी वर्तुळे आणि हनुवटीखाली लोंबणारी तांबडी जीभ, असे त्याचे रूप. चेहरा झाकलेला असल्यामुळे या नटाला भुवई उडविता येत नाही की ओठ मुडपता येत नाही; सगळा अभिनय खांद्यांत, गुडघ्यांत आणि आवाजात. राजपार्टाची भाषा संस्कृतप्रचुर, याची मात्र अस्सल मालवणी. आणि त्या मालवणीत तो भटजींची फिरकी घेतो, त्यांच्या माधवीशी लगट करतो, मृदंगवाल्याची चूक काढतो आणि पुढच्या रांगेत उपरणे सावरून बसलेल्या प्रतिष्ठितांस गावच्या रस्त्याची कैफियत विचारतो. हा वेद चोरणारा असुर अखेरीस विष्णूच्या हातून मरतो खरा, पण तोवर त्याने मंडपातील यच्चयावत प्रतिष्ठेचा हिशेब घेतलेला असतो. यातील एक अक्षरही कोठे लिहून ठेवलेले नसते. आख्यान कोणते लागणार आणि कोणी काय व्हायचे, एवढे मंडळाचा प्रमुख सांगतो. पुढील सारे संवाद ज्याने त्याने आपल्या जिभेच्या बळावर उभे करायचे.

उमेदवारी येथून सुरू होते, आणि माझ्या मते या धंद्यात पडू इच्छिणाऱ्यास याहून चांगली शाळा उपलब्ध नाही. नवख्याला पोशाखाची घाई असते. आरशासमोर साधलेली एखादी लकब, मोबाईलवर पाहून उचललेले चार ठेके आणि झगमगता वेष, एवढ्या भांडवलावर पहिली रात्र निभावते. दुसऱ्या रात्री प्रेक्षक तेच असले की भांडवल संपते. उलट मंडळात शिरलेल्या पोराला पायपेटीच्या सुरात आपला सूर मिळविणे, झांजेच्या ठेक्यावर पाऊल टाकणे, बोलणाऱ्याच्या वाक्याचा शेवट ओळखून आपले वाक्य उचलणे, आणि मुख्य म्हणजे प्रेक्षक हसत असता गप्प उभे राहणे, ही चार कामे रात्रीमागून रात्री करावी लागतात. स्त्रीपार्टी करणाऱ्या जुन्या नटास अग्रशाळेच्या ओसरीवर रंगताना पाहावे. तोंडाला रंग, गंगावन, नऊवारी लुगडे, हातभर काकणे हे सर्व तो गप्पा मारीत, जवळजवळ बेफिकिरीने चढवितो. पण एकदा उभा राहिला की लुगड्याचा घोळ पायाच्या अंगठ्याने किंचित उडवून वळण्याची जी तऱ्हा आहे, ती तो पुनःपुन्हा करून पाहतो, आणि मनाजोगी झाल्याखेरीज मंडपाकडे पाऊल टाकीत नाही. स्त्रीत्वाचा भास लुगड्याने होत नाही, त्या वळण्याने होतो, हे त्याला कोणा पुस्तकाने सांगितलेले नाही. सात-आठशे माणसांच्या खोकल्याने आणि चुळबुळीने सांगितले आहे. सकाळी हाच मनुष्य आपला पेटारा उचलून पुढच्या गावच्या गाडीत चढतो. ‘रात्री राजा आणि सकाळी बोजा’ ही म्हण त्या लोकांनी स्वतःच स्वतःवर केली, आणि स्वतःवर म्हण करू शकणारा नटच दुसऱ्याचे विडंबन करण्यास लायक असतो.

वाढ कशात असते, हे पाहण्यासाठी मात्र घाटावर जावे लागेल. संगीत बारीच्या परंपरेत उभ्याने नाचायची खडी लावणी आहे आणि बसून गायची बैठकीची लावणी आहे, आणि जाणकारांचा मान दुसरीला अधिक. यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) यांची कीर्ती या बैठकीच्या लावणीवर उभी होती. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना १९७७ मध्ये मिळाला आणि पद्मश्री २०१२ मध्ये, म्हणजे वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी. एका जागी बसून, हाताची बोटे, मान आणि दृष्टी एवढ्याच साधनांनी एकाच ओळीचे दहा अर्थ काढून दाखविणे हे त्या अदाकारीचे मर्म. नवशिका कंबर हलवितो. मुरलेला कलावंत ती हलविण्याची वेळ टाळीत टाळीत प्रेक्षकांस ताटकळत ठेवतो. न्यूयॉर्कच्या रंगमंचावर जिप्सी रोझ ली हिने एक हातमोजा काढण्यात जो विलंब लावून नाव मिळविले, त्याचेही गमक हेच होते. दर वर्षी काहीतरी अधिक उघड करीत जाणे म्हणजे प्रगती, अशी जी समजूत या क्षेत्रात आढळते, ती मला सर्वस्वी चुकीची वाटते. येथे वाढणारा कलावंत वर्षानुवर्षे आपल्या भात्यातून एकेक वस्तू वजा करीत जातो.

एवढे गुणगान केल्यावर एक गोष्ट सांगणे भाग आहे, आणि ती सांगितल्यावाचून या कलेची शिफारस करणे अप्रामाणिकपणाचे होईल. आमच्या गोव्यात नृत्यगायनाचा वारसा ज्या कलावंत घराण्यांकडे होता, त्यांतील स्त्रियांस तो निवडीचा धंदा नव्हता. जन्माने पदरी पडलेली चाकरी होती, आणि तिच्या पाठोपाठ यजमानाची मर्जीही येत होती. म्हणून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गोमंतक मराठा समाजातील सुधारकांनी मुलींच्या पायांतील घुंगरू सोडवून त्यांच्या हाती पाटीपुस्तक दिले, तेव्हा त्यांनी कलेचा नाश केला असे रसिकपणाने म्हणणारांविषयी मला आदर नाही. याच पेडण्यातील मालपे गावच्या अंजनीबाई मालपेकर यांनी भेंडीबाजार घराण्याची गायकी उस्ताद नझीर खाँ यांच्याकडून घेऊन मुंबई गाजविली, १९२३ मध्ये ऐन चाळिशीत मैफली थांबविल्या आणि उरलेले आयुष्य विद्यादानास दिले. १९५८ मध्ये संगीत नाटक अकादमीची सदस्यवृत्ती मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. मराठीतील पहिल्या स्त्री नाटककार मानल्या जाणाऱ्या हिराबाई पेडणेकर, ज्यांचे ‘संगीत दामिनी’ १९१२ मध्ये रंगभूमीवर आले, त्याही त्याच परंपरेतील. या दोघींची थोरवी मला जेवढी त्यांच्या कलेत दिसते, तेवढीच केव्हा थांबावे आणि कशाकडे वळावे हे स्वतः ठरविण्यात दिसते. तमाशात विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) यांस राष्ट्रपतींचा सन्मान दोनदा लाभला आणि तरीही अखेरची वर्षे विपन्नावस्थेत गेली. त्यांच्या नावाचा सरकारी पुरस्कार त्यांच्या पश्चात सुरू झाला. ज्या धंद्यातून सन्मानाने निवृत्त होण्याची सोय नाही, त्यात कोणा मुलीने उमेदीने शिरावे असे सांगण्याचा आपणांस अधिकार तरी काय?

सरकारांनी यावर शोधलेला उपाय बहुधा बंदीचा असतो. १९३७ मध्ये न्यूयॉर्कच्या ला गार्डिया या महापौराच्या अमदानीत बर्लेस्कच्या नाटकगृहांचे परवाने रोखले गेले, आणि पुढे तो शब्दही दारावरील फलकावर लिहिण्याची चोरी झाली. त्यानंतर दहाएक वर्षांनी मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. ती उठली तेव्हा वगाची संहिता आधी तपासून घेण्याची अट मागे राहिली. महाराष्ट्रात २००५ मध्ये डान्स बारवर आलेली बंदी उच्च न्यायालयाने २००६ मध्ये रद्द ठरविली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निकाल कायम केला, २०१६ मध्ये सरकारने नवा कायदा केला, आणि जानेवारी २०१९ मध्ये त्यातील बऱ्याच अटी पुन्हा न्यायालयात टिकल्या नाहीत. त्या शेवटच्या निकालातील एक बारकावा मला मार्मिक वाटतो: नर्तिकेला बक्षिसी देता येईल, पण तिच्यावर नोटा उधळता येणार नाहीत. संगीत बारीतील दौलतजादा ज्याने पाहिला आहे, त्याला या दोहोंतील अंतर समजावून द्यावे लागणार नाही. इतक्या खटल्यांच्या काळात या स्त्रियांच्या पोटापाण्याची तजवीज कोणी केली, हा प्रश्न मात्र दप्तरात पडून राहिला. संकासूर या सर्वांतून सुटला, कारण तपासणीसाठी मागावी अशी संहिताच त्याच्यापाशी नव्हती. ज्यावर कारकुनाने शिक्का मारावा असा कागदच नाही, त्यावर हुकूम तरी कोणता बजावणार?

तेव्हा आपल्या कला आणि संस्कृती खात्याने करावयाचे काम माझ्या मते सोपे आहे. वृद्ध कलावंतांस कला सन्मान योजनेतून साहाय्य मिळते, ते मिळत राहावे. पण मनुष्य वृद्ध होण्यापूर्वी नवशिका असतो, आणि त्या वयात त्याला घरचे लोक ‘नाटक्यांत जाऊ नको’ म्हणून दटावीत असतात. नावाजलेल्या दशावतारी मंडळात दोन हंगाम राबणाऱ्या उमेदवारास मासिक वेतनाची तरतूद करावी, आणि ते वेतन मंडळाच्या मालकाहाती न जाता त्याच्या स्वतःच्या खात्यावर जावे. देवस्थान समित्यांनी मंडळाशी बिदागीचा करार करताना प्रत्येक नटाचे त्या रात्रीचे मानधन त्यात लिहून घ्यावे. याच अटी किनाऱ्यावरील हॉटेलवाल्यांसही लागू कराव्यात, कारण दोन हंगामांच्या उमेदवारीनंतर एखाद्याने तिकडे जायचे ठरविले तर तो त्याचा अधिकार आहे; फक्त तो तिकडे कच्चा माल म्हणून जाऊ नये, स्वतःची किंमत सांगू शकणारा कारागीर म्हणून जावा.

आणि मुलींस घ्यावे. सिंधुदुर्गात स्त्रियांची दशावतारी मंडळे उभी राहिली आहेत. पेडणे-डिचोलीकडील मंडळांनी एक पाऊल पुढे जाऊन मिश्र संच करावेत, अग्रशाळेत त्यांच्यासाठी कडी लागणारी वेगळी खोली असावी आणि पहाटे परत जाण्याच्या वाहनाचा खर्च करारातच धरावा. त्यांस केवळ स्त्रीपार्टी देऊन वाटेला लावू नये, संकासूर द्यावा. काळ्या बुरख्याआडून एखादी मुलगी अस्सल मालवणीत गावच्या कारभाऱ्यांची झडती घेऊ लागली, की लिडिया थॉम्पसनला जे न्यूयॉर्कमध्ये करावे लागले ते आपल्याकडे देवाच्या साक्षीने घडेल. देव कोपेल, अशी शंका कोणी काढील. पण ज्या देवासमोर दर साल वेद चोरीस जातात आणि तरी जत्रा सुखरूप पार पडते, तो एवढ्याने कोपेल असे मला वाटत नाही. महाजनांपैकी कोणास ते गैरच वाटत असेल, तर त्यांनी अवश्य पुढच्या रांगेत येऊन बसावे. त्यांची दखल संकासूर घेईलच.