पासबुक ग्राहकाचे, ईमेल कोणाचा?

रिटर्न भरण्याच्या हंगामात बेल्ह्यापासून मंचरपर्यंतच्या करसल्लागारांच्या कार्यालयांत आणि सेवा केंद्रांत एक गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. ग्राहक आधार, पॅन आणि पासबुक घेऊन येतो. पोर्टल ईमेल मागते. ग्राहकाकडे तो नसतो, असला तरी पासवर्ड आठवत नाही. मग संगणकावर बसलेला मुलगा तिथल्या तिथे नवे खाते उघडून देतो. नावापुढे जन्मसाल, पासवर्ड म्हणून तेच नाव आणि एक-दोन-तीन, रिकव्हरीसाठी कार्यालयाचा मोबाइल नंबर. घाई असली तर सरळ कार्यालयाचाच ईमेल टाकून मोकळे होतात. त्या ईमेलवर पोचपावत्या आणि जाहिराती एवढेच येत होते, तोवर यात कोणाचे काही बिघडले नाही. पण ग्राहकाच्या घरातल्या फोनमध्ये प्ले स्टोअरला जोडलेले तेच एकमेव खाते असते, आणि घरातले कोणी एक दिवस त्यावरूनच क्रिप्टो एक्स्चेंजचे ॲप सुरू करते. त्या क्षणापासून ती पोचपावत्यांची पेटी तिजोरीची किल्ली होते. पासवर्ड बदलायचा दुवा तिथे येतो, पैसे बाहेर काढण्याची संमती तिथे मागितली जाते, व्यवहारांचा हिशेब तिथे साठतो. आणि त्या किल्लीची जोडकिल्ली आपल्या टेबलावर पडलेली असते. ग्राहकाचा ईमेल पूर्णपणे ग्राहकाच्या ताब्यात देणे हा यापुढे आपल्या व्यवसायाचा पहिला नियम असला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

क्रिप्टोच्या बाबतीत ईमेलला एवढे महत्त्व का, हे नीट समजून घ्यायला हवे. बिटकॉइन गुप्त असते, हा समज चुकीचा आहे. बिटकॉइनची वही जगात कोणालाही उघडून पाहता येते. कोणत्या पत्त्यावरून कोणत्या पत्त्यावर किती रक्कम कधी गेली, हे त्यात कायमचे नोंदलेले असते. खोडता येत नाही. लपलेले असते ते फक्त माणसाचे नाव. बेल्ह्याच्या सोमवारच्या बैलबाजाराशी परिचय असलेल्या वाचकाला हे सहज कळेल: रुमालाखाली बोटे दाबून सौदा करायच्या जुन्या रीतीत माणसे समोर दिसायची आणि भाव झाकलेला असायचा, इथे भाव उघड्यावर असतो आणि माणूस रुमालाखाली. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने २००८ साली निघालेल्या बिटकॉइनच्या मूळ टिपणातही गोपनीयतेवर स्वतंत्र परिच्छेद आहे. प्रत्येक व्यवहाराला नवी किल्लीजोडी वापरा, कारण एका किल्लीचा मालक कळला तर त्याचे इतर व्यवहारही उघडे पडू शकतात, असा इशारा त्यात दिलेला आहे. आता एक्स्चेंजकडून येणारा साधा ईमेल पाहा. वर ग्राहकाचे नाव, खाली रक्कम, कोणत्या पत्त्यावर पाठवली तो पत्ता, आणि व्यवहाराचा हॅश, म्हणजे त्या वहीतला त्याचा ओळखक्रमांक. नाव आणि पत्ता यांची जी गाठ त्या जाहीर वहीत कुठेही सापडत नाही, ती या एका ईमेलमध्ये बांधून मिळते. ती ज्याच्या हाती लागली त्याला त्या पत्त्याचा मागचा व्यवहार दिसतो आणि पुढचाही, ग्राहकाने पासवर्ड कितीही वेळा बदलला तरी.

ही नुसती भीती नव्हे. गेल्या काही वर्षांतल्या दोन घटना पाहू. लेजर ही फ्रेंच कंपनी क्रिप्टोच्या किल्ल्या इंटरनेटपासून दूर ठेवणारी उपकरणे विकते. २०२० साली तिची उपकरणे नव्हे, ग्राहकांची यादी फुटली. सुमारे दहा लाख ईमेल पत्ते गेले आणि दोन लाख बहात्तर हजारांच्या आसपास ग्राहकांची नावे, घरचे पत्ते आणि फोन नंबर डिसेंबरमध्ये उघड्यावर आले. उपकरण शाबूत होते, पण ते कोणाकोणाकडे आहे हे चोरांना कळले. मग त्या ग्राहकांना कंपनीच्या नावाने बनावट ईमेल गेले, आणि काहींच्या घरी टपालाने बनावट उपकरणेही पोचली. दुसरी घटना आपल्या अधिक जवळची. अमेरिकेतल्या कॉइनबेस या मोठ्या एक्स्चेंजने मे २०२५ मध्ये जाहीर केले की परदेशातल्या मदतकेंद्रांमधल्या काही माणसांना लाच देऊन ६९,४६१ ग्राहकांची माहिती काढून घेण्यात आली. चोरांनी दोन कोटी डॉलरची खंडणीही मागितली. त्या माणसांपैकी एक इंदूरमधल्या आउटसोर्सिंग केंद्रात काम करणारी होती आणि संगणकाच्या पडद्याचे फोटो स्वतःच्या मोबाइलवर काढताना ती सापडली, अशी बातमी रॉयटर्सने दिली. इथे ना पासवर्ड गेले, ना वॉलेटच्या किल्ल्या. गेले ते नाव, पत्ता, फोन, ईमेल आणि ओळखपत्रांच्या प्रती. कंपनीतून बोलतोय असे सांगून ग्राहकाकडूनच पैसे वळते करून घ्यायला तेवढे भांडवल पुरेसे होते.

आणखी जवळचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले आहे. गेनबिटकॉइन या योजनेच्या फसवणुकीचे गुन्हे पुणे पोलिसांनी २०१८ साली नोंदवले. तपासात तांत्रिक मदतीसाठी बाहेरचे जाणकार घेतले गेले, आणि आरोपींच्या क्रिप्टो खात्यांची माहिती साहजिकच त्यांच्या हाती आली. मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी त्यांच्यापैकीच दोघांना अटक केली. एक होता माजी पोलीस अधिकारी, दुसरा सायबर तज्ज्ञ. तपासासाठी मिळालेल्या माहितीचा वापर करून त्यांनी क्रिप्टो स्वतःकडे वळवले, असा पोलिसांचा आरोप आहे. मूळ गेनबिटकॉइन प्रकरणांचा तपास पुढे डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सीबीआयकडे सोपवला. आरोप खरा की खोटा ते न्यायालय ठरवील. आपल्यासाठी मुद्दा वेगळा आहे. मदतीला आलेल्या जाणकाराच्या हातात किल्ली राहिली की त्याच्या सचोटीखेरीज दुसरा कोणताही अडसर उरत नाही. आणि करसल्लागार हा मदतीला आलेला जाणकारच असतो. आपण सचोटीचे आहोत, हे उत्तर पुरेसे नाही. आपल्या संगणकावर बसणारा मुलगा, तो सोडून गेल्यावर येणारा दुसरा मुलगा, दुरुस्तीला नेलेली हार्डडिस्क आणि उघडे राहिलेले व्हॉट्सॲप वेब या सगळ्यांची हमी कोण देणार?

आपल्या कार्यालयात काय काय पडलेले असते ते एकदा बारकाईने पाहावे. डाउनलोड फोल्डरमध्ये मागच्या हंगामातली आधारकार्डे असतात. ब्राउझरने जपून ठेवलेले पासवर्ड असतात. आणि बहुतेक ठिकाणी एक एक्सेल असते: नाव, पॅन, जन्मतारीख, मोबाइल, ईमेल, पोर्टलचा पासवर्ड. आयकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणाची, म्हणजे एआयएसची, पीडीएफ कोणत्या पासवर्डने उघडते हे आपल्याला पाठ आहे. छोट्या लिपीत पॅन आणि पुढे जन्मतारीख. म्हणजे ते एक्सेल ज्याच्या हाती गेले, त्याला प्रत्येक ग्राहकाचे विवरण उघडता येते. क्रिप्टोच्या व्यवहारावर १ जुलै २०२२ पासून एक टक्का टीडीएस कापला जातो, आणि तो कापणाऱ्या एक्स्चेंजचे नाव खात्याच्या नोंदीत उमटते. कोणत्या ग्राहकाकडे क्रिप्टो आहे, साधारण किती आणि कोणत्या एक्स्चेंजवर, याची यादीच चोराला तयार मिळाली म्हणायची. त्यानंतर ‘तुमची केवायसी संपत आली आहे’ असा नेमक्या त्याच एक्स्चेंजच्या नावाचा ईमेल आला, तर भलाभला माणूसही फसेल.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. आमचा ग्राहक ईमेल बघत नाही, त्याचा ईमेल टाकला तर नोटीस पडून राहील, दंड त्याला बसेल आणि बोल आम्हाला लागेल. या आक्षेपात तथ्य आहे. क्रिप्टोची मिळकत न दाखवलेल्या करदात्यांना खात्याने २०२५ साली ईमेल पाठवून विवरणपत्र सुधारायला सांगितले होतेच. असा ईमेल वाचायचा राहून जाणे परवडणारे नाही. पण त्यासाठी ग्राहकाच्या जागी आपले नाव लावावे लागत नाही. आयकर पोर्टलवर मुख्य संपर्काबरोबर दुय्यम संपर्काचीही सोय आहे. मुख्य जागी ग्राहकाचा ईमेल आणि मोबाइल, दुय्यम जागी आपला, एवढे केले की नोटीसही चुकत नाही आणि ताबाही ग्राहकाकडे राहतो. उलट खऱ्या अर्थाने धोक्याची स्थिती आजची आहे. खात्याचा खरा ईमेल आपल्याकडे येतो, ग्राहकाला तो कसा असतो हे कधी दिसतच नाही, आणि म्हणून बनावट ईमेल आला की तो ओळखायला त्याच्याकडे काही साधनच नसते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गोपनीयतेची एवढी काळजी म्हणजे कर चुकवायला वाट करून देणे नव्हे का? तसे मुळीच नाही. सरकारपासून काही लपवायला इथे जागाच उरलेली नाही. एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट तीस टक्के कर आहे. त्याच महिन्यात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने एक्स्चेंजांना ग्राहकांच्या ओळखीच्या आणि व्यवहारांच्या नोंदी पाच वर्षे ठेवायला सांगितले. ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने एक्स्चेंज मनी लाँडरिंगविरोधी कायद्याच्या कक्षेत आले. खात्याला जे कळायला हवे ते कायदेशीर वाटेने कळते. प्रश्न आहे तो खात्याखेरीज इतरांना काय कळते याचा. विवरणपत्रातला व्हीडीएचा, म्हणजे क्रिप्टोसारख्या आभासी डिजिटल मालमत्तेचा, तक्ताच वाचा. खरेदीची तारीख, विक्रीची तारीख, उत्पन्नाचे शीर्षक, खरेदीची किंमत, विक्रीची रक्कम, नफा. वॉलेटचा पत्ता त्यात विचारलेला नाही, एक्स्चेंजचा पासवर्ड तर नाहीच. मग ‘लॉगिन द्या, आम्हीच स्टेटमेंट काढून घेतो’ हे आपण कोणत्या अधिकाराने म्हणतो? ग्राहकाने स्वतः काढलेले स्टेटमेंट आपल्या कामाला पुरते. पूर्ण कर भरणे आणि कमीत कमी माहिती हाताळणे या दोन्ही गोष्टी एकाच सचोटीने होतात.

कोणी म्हणेल, मोठे दरोडे काही ग्राहकाच्या ईमेलमधून पडत नाहीत. खरे आहे. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या एक्स्चेंजच्या वॉलेटमधून तेवीस कोटी डॉलरच्या आसपास मालमत्ता गेली, तेव्हा कोणत्याही ग्राहकाने ईमेल कितीही जपला असता तरी ते टळले नसते. पण एक्स्चेंजची तिजोरी एक्स्चेंजने सांभाळायची. आपल्या हातात जे आहे त्याची जबाबदारी त्यामुळे कमी होत नाही. ‘आमच्याकडे असे ग्राहक आहेतच किती’ हा युक्तिवादही टिकत नाही. एकच असला तरी त्याचे गेलेले क्रिप्टो परत आणायला बँकेसारखी व्यवहार फिरवण्याची सोय नाही. शिवाय कायदाही दारात आला आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत आहे. माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा अडीचशे कोटी रुपये आहे. गावातल्या कार्यालयाला एवढा दंड होईल असे कोणी म्हणणार नाही. पण ‘आम्हाला माहीत नव्हते’ ही सबब यापुढे चालणार नाही.

तेव्हा येत्या हंगामात आमचे व्यावसायिक बंधुभगिनींना आवाहन आहे. फाइल उघडली की सगळ्यात आधी ईमेल कोणाचा आहे ते पाहा. आपला असेल तर दुय्यम जागी हलवा. आपण उघडून दिलेला असेल तर ग्राहकाला समोर बसवून त्याच्याच हाताने पासवर्ड आणि रिकव्हरी नंबर बदलायला लावा, आणि जुन्या उपकरणांवरून ते खाते बाहेर काढा. ईमेल परस्पर दुसरीकडे फॉरवर्ड होत नाही ना, हेही तिथेच तपासा. क्रिप्टो असणाऱ्या ग्राहकाला त्यासाठी वेगळा ईमेल ठेवायला सांगा, जो तो इतर कुठे देणार नाही. ओटीपी एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲपवर घ्यायला सांगा. आणि वॉलेटच्या रिकव्हरीचे बारा किंवा चोवीस शब्द ईमेलच्या मसुद्यात किंवा फोटोत ठेवू नका, आम्हालाही सांगू नका, असे बजावा. आधारची प्रत लागलीच तर शेवटचे चारच अंक दिसणारी घ्या. आणि पासवर्डचा रकाना असलेले ते एक्सेल आजच पुसून टाका. ग्राहकाचे पासबुक आपण कधी स्वतःच्या कपाटात ठेवून घेतले नाही. त्याचा ईमेलही ठेवून घेण्याचा आपल्याला अधिकार नाही.