जेवायला नेता, की ठेवायला?

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातली कितीतरी घरे हल्ली अर्धी इथे आणि अर्धी पुण्या-मुंबईत राहतात. मुलगा-सून तिकडे, आजी-आजोबा इकडे, आणि नातवंडे सुटीपुरती दोन्हीकडे. दिवाळी सरली की शेगाव-मलकापूरच्या फलाटांवर चिवडा-अनारशांचे डबे सांभाळत मुंबईच्या गाडीची वाट पाहणारी म्हातारी माणसे दिसतात. तिकडे पोचल्यावर दोन-चार दिवसांत एक प्रश्न निघतोच: पोराला बाहेर जेवायला कुठे न्यावे? या साध्या प्रश्नाला शहरात जे ठरीव उत्तर मिळते, ते आम्हांला साफ नामंजूर आहे. का, ते सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

उत्तर असे की, ‘जिथे मुलांना मजा येते, तिथे.’ आता ही मजा म्हणजे काय, हे शोधू गेल्यास तीन वस्तू हाती लागतात: एक खेळणे, एक घसरगुंडी आणि एक पडदा. खेळणे जेवणाच्या खोक्यातून निघते, घसरगुंडी काचेपलीकडच्या खोलीत असते आणि पडदा आईच्या पर्समधून बाहेर येतो. या तिन्हींत अन्न कुठे आहे? पोर घसरगुंडीवर, बाप फोनवर आणि आई हातात घास घेऊन काचेशी उभी! याला मुलाला जेवायला नेणे म्हणत नाहीत. सामान ठेवायला जशी स्टेशनावर खोली असते, तशी मूल ठेवायला हॉटेलात असते, इतकेच.

खेळण्याच्या आमिषाने घास विकण्याची युक्ती अमेरिकेतली. मॅक्डोनल्ड्सने १९७९ साली मुलांसाठी खेळण्यासकट खोके विकायला काढले आणि १९९६ साली ती कंपनी आपल्याकडे आली. व्यापाऱ्याने व्यापार करावा, त्यात नवल नाही. पण चिलीसारख्या देशाने २०१६ साली साखर, मीठ नि चरबी अधिक असलेल्या पदार्थांबरोबर मुलांना खेळणी देण्यास कायद्याने मनाई केली. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही २०२० साली नियम केले, की असले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरपर्यंत विकू नयेत. आता ५१ व्या मीटरवर आईबापच बोट धरून नेऊ लागले, तर नियम बिचारा काय करणार!

यावर कोणी म्हणेल, तुमची शेगावची कचोरी तरी काय काढा-चूर्ण आहे? मुळीच नाही. तीही तळलेलीच. आमचे भांडण तेलाशी नाही. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीर्थराम शर्मा यांनी १९५० च्या सुमारास शेगावच्या स्थानकावर कचोरी विकायला घेतली, आणि आज तिला गावाचे नाव लागले आहे. आजोबा नातवाला ती कचोरी घेऊन देतात, तेव्हा त्या पोराला कढई दिसते, झारा दिसतो, तळलेल्या मिरचीचा ठसका लागतो. ‘हे कोणी आणले?’ असे त्याने विचारले, तर सांगायला एक माणूस आहे, एक गाव आहे आणि देशाच्या इतिहासातले एक दुखरे पान आहे. खोक्यातल्या खेळण्याविषयी काय सांगाल?

आणि मुंबईला अशा जागांचा दुष्काळ आहे, असे तर कोणी म्हणूच नये. धोबीतलावावर कयानी १९०४ पासून उभे आहे. संगमरवरी टेबले, काचेच्या बरण्यांतली बिस्किटे, चहात बुडवायचा मस्का लावलेला ब्रून. पाच वर्षांच्या पोराला याहून मोठी जत्रा कोणती? माटुंग्याला रामा नायकांच्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगात १९४२ पासून जेवण मिळते. तिथे केळीच्या पानावर रसम पळू लागले की ते अडवायचे कसे, हा खेळ कुठल्या घसरगुंडीपेक्षा कमी आहे? चर्चगेटला के. रुस्तुमकडे १९५३ पासून दोन पापुद्र्याच्या बिस्किटांत आइस्क्रीमची वडी ठेवून देतात. ती वितळायच्या आत संपवण्याची शर्यत आजोबांनी नातवाशी लावावी आणि बिनतक्रार हरावी. दादर स्टेशनाबाहेर १९६६ साली अशोक वैद्यांनी वडा पावात घातला. ती जागा दाखवून शेजारच्या एखाद्या गाडीवर पोराच्या हाती गरम वडापाव द्यावा. यांतल्या एकाही ठिकाणी पोर पडद्याकडे वळणार नाही. समोर पाहण्यासारखे एवढे असते!

पण आमचा खरा मुद्दा मजेच्याही पलीकडचा आहे. आपल्या राज्यघटनेच्या १५ व्या कलमात दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नावानिशी उल्लेख आहे. धर्म, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून तिथे कोणाला मज्जाव करता येत नाही. १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याने हॉटेलातली भांडी वापरू न देणे हासुद्धा गुन्हा ठरवला. घटनाकारांना हॉटेलाची आठवण उगाच झाली नव्हती. गावोगावच्या हॉटेलांत वेगळी ठेवलेली कपबशी ज्यांनी पाहिली, त्यांना तिचे कारण सांगावे लागत नाही. त्या काळी मुंबईच्या इराण्याच्या टेबलावर गिरणी कामगार आणि कारकून शेजारी बसून चहा पीत, हे त्या शहराने देशाला शिकवलेले मोठे शिक्षण होते. अनोळखी माणसाशेजारी बसून मीठ मागणे आणि पुढे करणे हा नागरिकत्वाचा पहिला धडा आहे. तो कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा लवकर गिरवता येतो. आपण मात्र पोराला उचलून अशा काचघरात नेतो, जिथे त्याच्याच बापाएवढा पगार असलेल्यांची पोरे तेवढी भेटतात. कपबशीचा भेद कायद्याने मोडला. बिलाचा भेद आपण हौसेने मांडतो आहोत.

एक आक्षेप मात्र आम्ही मान्य करतो. लहान मूल घेऊन निघालेल्या आईला स्वच्छ पाणी हवे, हात धुवायला जागा हवी, धड संडास हवा. पुष्कळ जुन्या ठिकाणी यांची वानवा असते आणि तिथे चकचकीत दुकाने बाजी मारतात. पण यावरून जुन्या हॉटेलवाल्यांनी नळ दुरुस्त करावेत एवढेच सिद्ध होते; मुलांना काचेमागे कोंडावे, हे सिद्ध होत नाही.

तेव्हा आईबापांनो, जागा निवडताना चारच गोष्टी पाहा. भांडी-पेले स्वच्छ आहेत ना? स्वयंपाक करणारा किंवा निदान वाढणारा माणूस पोराला दिसतो ना? पोराने काय हवे ते स्वतःच्या तोंडाने सांगितले, तर कोणी ऐकून घेते ना? आणि दर एवढे बेताचे आहेत ना, की त्याने अर्धे टाकले तरी तुमच्या कपाळाला आठी पडू नये? या चारांना ‘होय’ असे उत्तर आले, की खुशाल आत शिरा आणि फोन खिशात ठेवा. पोर सांडेल, हसेल, शेजारच्या काकांच्या ताटात डोकावेल. डोकावू द्या. त्यासाठीच तर त्याला घराबाहेर आणले!