माणिक आहे, पण खाणीतले नाही

प्रति,
अध्यक्ष व सदस्य, केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळ, नवी दिल्ली
महासंचालक, विदेश व्यापार, नवी दिल्ली



डोंबिवली पूर्वेला माझा खडे घासण्याचा छोटा कारखाना आहे. सहा सराणी, पाच कामगार आणि मी. आम्ही कृत्रिम माणिक, नीलम आणि झिरकॉनला पैलू पाडतो. आमचे खडे चांदीच्या दागिन्यांत बसतात. काही ठाण्यात आणि मुंबईत विकले जातात, काही परदेशी जातात. स्वतःचे काम सुरू करण्याआधी वीस वर्षे मी अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रात दुसऱ्यांकडे खडे निवडायला होतो. पहाटेची लोकल पकडून तिकडे जाणारी माणसे कल्याण-डोंबिवलीत आणि ठाण्यात आजही घरोघरी सापडतील. १२ जानेवारी २०२४ला पंतप्रधानांनी सीप्झमधल्या ‘भारत रत्नम’ या सामाईक सुविधा केंद्राचे उद्घाटन केले, तेव्हा आमच्याकडे पेढे वाटले गेले. सरकारचे या धंद्याकडे लक्ष नाही, अशी माझी तक्रार मुळीच नाही.

तक्रार एका शब्दाची आहे. तो शब्द म्हणजे ‘इतर’.

मागे मी परदेशातून तीन किलो कच्चे कृत्रिम माणिक मागवले. अखंड कांड्या महाग पडतात म्हणून तुकडे घेतले. कागद तयार होताना वजन कॅरेटमध्ये मांडले गेले. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, म्हणजे तीन किलोचे झाले १५,००० कॅरेट. सीमाशुल्काच्या पडद्यावर दिसले ते एवढेच: रूबी, रफ, पंधरा हजार कॅरेट, आणि समोर अगदी किरकोळ किंमत. एजंटाचा फोन आला, “काका, माल अडकला. एवढं माणिक एवढ्या स्वस्तात कसं, विचारतायत.”

प्रश्न विचारणाऱ्या अधिकाऱ्याचे मला काही चुकीचे वाटले नाही. खाणीतले माणिक कॅरेटवर विकतात, भट्टीतले किलोवर. कृत्रिम माल नैसर्गिक म्हणून दाखवायचा, किंमत फुगवायची आणि त्या नावाखाली पैसा देशाबाहेर काढायचा, असे करणारे लोक आहेत. शंका घ्यायलाच हवी. पण ती फिटायला तेवीस दिवस लागले. नमुना तपासून आला, निकाल तोच, जो मी पहिल्या दिवशी लिहून दिला होता. तोवर गोदामाचे भाडे चढले होते आणि ऑर्डरची तारीख उलटली होती. माझ्या कामगारांना नगावर मजुरी मिळते. खडा नाही तर मजुरी नाही.

आता नियमाकडे येतो. जागतिक सीमाशुल्क यादीत नैसर्गिक हिरा ७१०२ मध्ये, इतर नैसर्गिक रत्ने ७१०३ मध्ये आणि कृत्रिम किंवा पुनर्घटित रत्ने ७१०४ मध्ये येतात. काचेचे नकली खडे फार दूर, ७०१८ मध्ये. १ जानेवारी २०२२पासून ७१०४ मध्ये एक मोठी सुधारणा झाली. न घडवलेल्या किंवा नुसत्या कापलेल्या कृत्रिम मालात हिऱ्याला ७१०४.२१ हा स्वतःचा क्रमांक मिळाला. बाकी सगळे ७१०४.२९ म्हणजे ‘इतर’. माणिक, नीलम, पाचू, झिरकॉन, मोइसनाइट, सगळ्यांची एकच गोणी.

सहा आकड्यांपुढे जाण्याची मुभा प्रत्येक देशाला असते. प्रयोगशाळेतल्या हिऱ्यासाठी आपण ती वापरली. २०२३च्या अर्थसंकल्पात कृत्रिम हिरे नीट ओळखता यावेत म्हणून नव्या ओळी आल्या, हिरा वाढवायला लागणाऱ्या बीजावरचे सीमाशुल्क शून्यावर आले, आयआयटीला पाच वर्षांचे संशोधन अनुदान मिळाले. नैसर्गिक कच्च्या खड्यांच्या ७१०३ मध्ये तर आपल्या यादीने पाचूला, अलेक्झांड्राइटला, अगदी अकीक आणि गार्नेटलाही नावानिशी जागा दिली आहे. मग भट्टीतल्या माणिकालाच नाव का नसावे? ऑग्युस्त व्हेर्नेय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ज्वाळेत वितळवून माणिक करण्याची रीत १९०२ साली जाहीर केली. प्रयोगशाळेतला हिरा आला १९५०च्या दशकात. म्हणजे माणिक या घरातले थोरले आहे.

नाव नसले की गोंधळ कसा होतो, तो आमच्या बोलीतच बघा. डोंबिवलीत आणि ठाण्याच्या पेढ्यांवर ज्याला सगळे झिरकॉन म्हणतात, तो खरे तर क्युबिक झिरकोनिया, पूर्णपणे माणसाने केलेला. पण झिरकॉन नावाचे नैसर्गिक खनिजही आहे आणि त्याची जागा ७१०३ मध्ये. क्युबिक झिरकोनियाला बाजारात ‘अमेरिकन डायमंड’ही म्हणतात. बिलावर ‘डायमंड’ आणि ‘रफ’ हे दोन शब्द शेजारी आले की पुढचा प्रश्न किंबर्ली प्रमाणपत्राचा. ती व्यवस्था २००३पासून आहे आणि ती फक्त नैसर्गिक कच्च्या हिऱ्यासाठी आहे. माझ्या झिरकोनियाशी तिचा काहीही संबंध नाही. पण ते पटवून देण्यात माझ्या ओळखीच्या एका बाईंचा आठवडा गेला.

तपासणी अवघड असती तर मी गप्प बसलो असतो. व्हेर्नेयच्या रीतीने केलेल्या माणिकाची अखंड कांडी गाजरासारखी दिसते; खाणीत असला आकार सापडत नाही. अडचण येते ती तुकड्यांत. तिथे पाण्यात वजन करणारा एक काटा बरेच काम करतो. माणिक आपल्याएवढ्या पाण्याच्या चौपट भरते, हिरा साडेतीन पट, क्युबिक झिरकोनिया साडेपाच ते सहा पट, साधी काच अडीचच्या आसपास. शिसे घातलेली काच वजनात फसवते, पण ध्रुवित प्रकाशाखाली पकडली जाते. उरतो खाणीतल्या आणि भट्टीतल्या माणिकातला फरक. दोन्हींचे वजन सारखेच, म्हणून तिथे सूक्ष्मदर्शक लागतो. भट्टीतल्या माणिकात वाढीच्या रेषा वळणदार असतात, वायूचे बारीक बुडबुडेही दिसतात. मी हे सीप्झमध्ये एका मावशींकडून शिकलो. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत झाले होते.

दुसरी अडचण ‘नुसते कापलेले’ या शब्दांची. त्यावर पैसा अवलंबून असतो. २०२२च्या अर्थसंकल्पात पैलू पाडलेल्या हिऱ्यांवरचे आणि रत्नांवरचे सीमाशुल्क ५ टक्क्यांवर आणले, नुसत्या कापलेल्या हिऱ्यांवरचे शून्यावर. माणकाची कांडी थंड होताना आतल्या ताणाने पुष्कळदा लांबीत आपोआप दुभंगते. तिचा अर्धा भाग एका बाजूने सपाट आणि चकचकीत दिसतो, आणि कोणी म्हणतो, हा घडवलेला माल. त्याला हत्यारही लागलेले नसते.

मुंबईत आगाऊ निर्णय देणारे प्राधिकरण जानेवारी २०२१पासून आहे हे मला माहीत आहे. ती सोय चांगली आहे. पण तीन किलो माल मागवणाऱ्याने प्रत्येक प्रश्नासाठी अर्ज, शुल्क आणि सल्लागार करायचा म्हटले तर नफाच उरत नाही. अशी माणसे मग सरळ आयात सोडून देतात आणि मोठ्या व्यापाऱ्याकडून दुप्पट भावाने, बिलाशिवाय माल उचलतात. त्या मालाचे मूळ पुढे कोणालाच सांगता येत नाही. तोच खडा कधी तरी अंगठीत बसतो आणि राशीचे माणिक म्हणून एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या गळ्यात पडतो. बंदरावर नाव नीट लिहिले असते, तर तो खडा शेवटपर्यंत आपले नाव घेऊन फिरला असता.

म्हणून माझी विनंती: ७१०४.२९ खाली कृत्रिम कुरुंद, म्हणजे माणिक-नीलम, क्युबिक झिरकोनिया, पाचू आणि मोइसनाइट यांना आठ आकड्यांत वेगवेगळ्या ओळी द्या. कच्चा, कापलेला आणि घडवलेला यांतली सीमा छायाचित्रांसह एका परिपत्रकात दाखवा, आणि ते मराठीतही काढा. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मौल्यवान मालाच्या केंद्राइतकीच साधी चाचणी एअर कार्गोला आणि विदेशी टपाल कार्यालयातही त्याच दिवशी व्हावी. छोटा माल तिथूनच येतो-जातो.

पुढच्या महिन्यात चीनमधल्या वूझोऊहून चार किलो तुकडे येणार आहेत. पाठवणारा रोज विचारतो, बिलावर काय लिहू? मी त्याला अजून उत्तर दिलेले नाही.

आपला,
एक खडे घासणारा
डोंबिवली पूर्व