रस्ता कुणाचा, हे खरेदीखतात लिहू द्या
(नोंदणी महानिरीक्षकांना खुले पत्र)

मा. नोंदणी महानिरीक्षक व मुद्रांक नियंत्रक,
महाराष्ट्र राज्य, पुणे.

महोदय,

राज्यातल्या दुय्यम निबंधक कार्यालयांत घरांची आणि प्लॉटची जी खरेदीखते रोज नोंदली जातात, त्यांच्या चतुःसीमेत 'रस्ता' हा शब्द हमखास सापडतो. पूर्वेस अमुक गट, दक्षिणेस तमुक प्लॉट, उत्तरेस रस्ता. तो ग्रामपंचायतीचा आहे, नगरपालिकेच्या ताब्यात गेलेला आहे, की सातबाऱ्यावर अजूनही मूळ मालकाच्याच नावे असलेली जमीन आहे, याबद्दल दस्त बहुधा काहीच सांगत नाही. आयुष्याची पुंजी घालून माणूस घर घेतो आणि त्या घराच्या दारापर्यंत जाण्याचा हक्क मात्र गृहीत धरतो. घरासमोरचा रस्ता कुणाच्या मालकीचा आहे आणि खरेदीदाराला त्यावरून जाण्याचा हक्क कशाच्या आधारे मिळतो, हे प्रत्येक खरेदीखतात नमूद करणे आपण बंधनकारक करावे, एवढीच मागणी घेऊन हे पत्र लिहीत आहे.

या मागणीची मुळे जुन्याच कायद्यात आहेत. नोंदणी अधिनियम, 1908 च्या कलम 21 नुसार शहरातले घर कोणत्या रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहे, हे दस्तात सांगावे लागते. इतर घरे आणि जमिनींच्या बाबतीत त्या कोणत्या रस्त्यांना लागून आहेत, हे लिहावे लागते. कायदा झाला तेव्हा घरासमोरचा रस्ता बहुतेक सार्वजनिक असे, म्हणून तेवढे वर्णन पुरे पडले. आज शहराकडेच्या गावांत एका गटाचे गुंठ्यागुंठ्याने तुकडे पडतात, मधली पट्टी रस्ता म्हणून मोकळी ठेवली जाते, आणि सगळे प्लॉट विकले गेले तरी ती पट्टी विकणाऱ्याच्याच नावावर राहते. पुढे वारसांची नावे लागतात, कुणी ती तिसऱ्याला विकतो, आणि एक दिवस तिथे फाटक उभे राहते.

मग कायद्याचा आधार शोधावा, तर तो वाटतो त्याहून बराच अरुंद निघतो. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 च्या कलम 13 प्रमाणे विकणाऱ्याच्या उरलेल्या जमिनीतून गेल्याशिवाय विकलेल्या मिळकतीचा उपभोग घेता येत नसेल, तर खरेदीदाराला गरजेपुरती वाट मिळते. पण त्याच कलमाखालचे पहिले उदाहरण वाचावे: निव्वळ शेतीसाठी वापरात असलेले शेत विकले, तर वाट मिळते ती केवळ शेतीच्या कामासाठी. कलम 28 सांगते की एका प्रकारच्या वाटेत दुसऱ्या प्रकारची वाट येत नाही. म्हणजे पायवाटेच्या हक्कावर मोटार नेता येईलच असे नाही. वापरातून हक्क मिळवायचा, तर कलम 15 प्रमाणे 20 वर्षे उघडपणे, अखंड आणि हक्क म्हणून वहिवाट दाखवावी लागते, आणि मालकाच्या परवानगीने केलेली ये-जा त्यात धरली जात नाही. सर्वांत घातक आहे ती तोंडी परवानगी. 'या रस्त्याने खुशाल जा, कोण अडवतंय' हे विकणाऱ्याचे आश्वासन कायद्याच्या नजरेत बहुतेक वेळा नुसता परवाना ठरते, आणि कलम 59 नुसार ती जमीन विकली गेली की नव्या मालकावर तो परवाना बंधनकारक राहत नाही. अडथळा झाल्यावर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली तहसीलदाराकडे जाता येते, पण सहा महिन्यांच्या आत. ती मुदत हुकली की दिवाणी दावा, आणि तो किती वर्षे चालतो हे आपल्याला सांगायला नको.

'खरेदीदाराने आधी चौकशी का केली नाही', असे यावर विचारले जाते. चौकशी करणारेही फसतात, कारण वकिलाचा सर्च रिपोर्ट प्लॉटच्या मालकीचा माग काढतो. रस्त्याची पट्टी वेगळ्या गटात असेल, तर ती त्या शोधात येतच नाही. शिवाय मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 3 प्रमाणे नोंदणी झालेला दस्त पुढच्या खरेदीदाराला ठाऊक होता असे मानले जाते, पण त्याचा तपशील सूचीत बरोबर नोंदलेला असेल तरच. म्हणून रस्त्याचा गट नंबर त्या सूचीत, म्हणजे स्थावर मिळकतींच्या सूची क्रमांक 2 मध्ये, येणे महत्त्वाचे आहे. तो आला, तर रस्त्याची जमीन उद्या घेणाऱ्याला 'मला माहीत नव्हते' म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. मालकी तपासणे हे दुय्यम निबंधकाचे काम नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये तामिळनाडूच्या नोंदणी नियमांतला नियम 55-अ(i) रद्द करताना स्पष्ट केले. ते योग्यच आहे. पण मी तपासणी मागत नाही, नोंदणी नाकारण्याचा अधिकारही मागत नाही. विकणाऱ्याने रस्त्याचा गट नंबर, रुंदी, सध्याचा मालक आणि हक्काचा आधार लिहून द्यावा. हक्क लेखी नसेल, तर 'लेखी हक्क नाही' असे लिहावे आणि खरेदीदाराने त्याखाली सही करावी. व्यवहार थांबणार नाही. मात्र कर्ज देणारी बँक ते वाक्य वाचेल, भाव त्याप्रमाणे ठरेल, आणि रस्ता विकणाऱ्याच्याच मालकीचा असेल, तर त्याच खरेदीखतात वाहनासह ये-जा, पाण्याची नळजोडणी, सांडपाणी आणि वीज यांचा कायमचा हक्क लिहून घेण्याचे बळ खरेदीदाराला मिळेल. खोटे लिहिणाऱ्याविरुद्ध पुढे न्यायालयात हाच कागद पुरावा ठरेल.

हे आत्ताच व्हायला हवे, याला कारण आहे. मे 2025 मध्ये शासनाने शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घेण्याचा निर्णय केला. त्याच वर्षी तुकडेबंदीत अडकलेले निवासी भागातले लहान तुकडे नियमित करण्याचेही ठरले. शेताच्या बांधावरचा रस्ता कागदावर यावा आणि माणसे राहतात त्या घरापुढचा येऊ नये, याला काही अर्थ नाही. तुकडा नियमित झाला तरी त्याच्यापर्यंतची वाट आपोआप नियमित होत नाही. ही घरे पुढे पुन्हा विकली जातील, प्रत्येक विक्री आपल्याच कार्यालयातून जाईल, आणि रस्त्याबद्दलचे मौन दस्तामागून दस्तात उतरत राहील.

आपण परिपत्रक काढावे, खरेदीखताच्या नमुन्यात रस्त्याचा स्वतंत्र रकाना घालावा, आणि त्यातला गट नंबर सूची क्रमांक 2 मध्ये शोधता येईल अशी व्यवस्था करावी, ही विनंती. तोवर घर घेणाऱ्यांनी इसारापूर्वी रस्त्याच्या जमिनीचाही सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढून पाहावी.

आपला,
एक नागरिक