साक्षीदार आहेत तोवर

नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या बुडितात आपल्या नंदुरबार जिल्ह्यातली 33 गावे आली. अक्कलकुवा तालुक्यातली 9 आणि अक्राणी म्हणजे धडगाव तालुक्यातली 24. मणिबेली, धनखेडी, चिमलखेडी, सिंदुरी, डनेल, बामणी. पुढे निमगव्हाण, डोमखेडी, भुषा, सावऱ्या दिगर, भादल. ही नावे आपण वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांत वाचली, सभांमध्ये ऐकली, मोर्चांच्या फलकांवर पाहिली.

आज या गावांबद्दल एक नवी काळजी आहे. तिथे कुणाचे शेत कोणत्या नाल्यापर्यंत होते, कोणत्या पाड्यावर कुणाची किती घरे होती, कुणाचा मुलगा बुडीत आले तेव्हा कर्ता झाला होता, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली पिढी म्हातारी झाली आहे. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला मणिबेलीच्या घरांत पाणी शिरले. तेव्हा चाळिशीत असलेली माणसे आज सत्तरी ओलांडून गेली आहेत. काही गेलीही. त्यांच्याबरोबर किती पुरावे गेले, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

पुरावे हा शब्द इथे जाणूनबुजून वापरला आहे. सातपुड्यातल्या जमिनीची गोष्ट सपाटीवरच्या जमिनीसारखी नाही. भिल, पावरा, तडवी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या डोंगरउतारावर ज्वारी, मका, तूर, भगर पिकवत आली. सरकारी दप्तरात मात्र त्यातली बरीचशी जमीन वनखात्याची, आणि कसणारा ‘अतिक्रमणदार’. ज्याच्या आजोबाने जंगल मोडून शेत केले, त्याचेच नाव सातबाऱ्यावर नाही. जन्मदाखला नाही, शाळेचा दाखला नाही, कारण गावात शाळाच नव्हती. मग मुलगा अठरा वर्षांचा होता की नाही, हे ठरवायचे कसे? बहुतेक वेळा समोर बसलेल्या कारकुनाच्या अंदाजाने.

यातूनच प्रकल्पग्रस्त म्हणून यादीत आलेले ‘घोषित’ आणि यादीबाहेर राहिलेले ‘अघोषित’ असे दोन वर्ग तयार झाले. एकाच घरातला एक भाऊ घोषित, दुसरा अघोषित. एकाला जमीन, दुसऱ्याला कचेरीची वाट. सर्वेक्षणांचा इतिहासही सरळ नाही. नोव्हेंबर 1993 मध्ये चिंचखेडीत सर्वेक्षणाच्या वेळी पोलिसांच्या गोळीबारात रेहमल पुन्या वसावे हा कोवळा मुलगा मारला गेला. अशा वातावरणात झालेल्या याद्या बिनचूक असतील, असे कोण म्हणेल? पुढे अनेक नावे त्यांत घातली गेली, ती लोकांनी चिकाटीने केलेल्या पाठपुराव्यामुळे. पण जिथे कागद मुका असतो तिथे माणसालाच बोलावे लागते. बोलणारा माणूस गेला की हक्कही त्याच्यामागे जातो.

आता मूळ शब्द काय दिला होता ते पाहू. नर्मदा पाणीतंटा लवादाचा अंतिम निवाडा डिसेंबर 1979 चा. तो आजही बंधनकारक आहे. त्यात स्पष्ट लिहिले आहे की ज्या कुटुंबाची पाव हिश्शाहून जास्त जमीन जाते त्याला जमिनीच्या बदल्यात जमीन द्यायची, तीही किमान 2 हेक्टर. सज्ञान मुलगा हे वेगळे कुटुंब मानायचे. आणि जमीन द्यायची ती बुडीत येण्याच्या वर्षभर आधी.

पण मला या निवाड्यातला सर्वांत भावणारा भाग वेगळाच आहे. नव्या गावात काय काय हवे, याची त्यात यादी आहे. दर 100 कुटुंबांमागे एक प्राथमिक शाळा. दर 500 कुटुंबांमागे पंचायतघर, दवाखाना, बियाण्यांचे कोठार, मुलांसाठी बाग, तळे. दर 50 कुटुंबांमागे गुरांच्या हौदासह पिण्याच्या पाण्याची विहीर. आणि दर 50 कुटुंबांमागे झाडाभोवती बांधलेला एक पार! लवादाच्या न्यायमूर्तींना कळले होते की पाराशिवाय गाव होत नाही. नुसती घरे रांगेत उभी केली तर ती छावणी होते. माणसे एकत्र बसली, भांडली, मिटवली, लग्ने ठरवली, म्हणजे गाव होते.

तळोदा तालुक्यातली सुमारे 4,200 हेक्टर वनजमीन पुनर्वसनासाठी मोकळी केली गेली. तिथे आणि आसपास सोमावल, रोझवा, नर्मदानगर, रेवानगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. काही कुटुंबे गुजरातेत परवेटासारख्या ठिकाणी गेली. डोंगरातून उतरलेल्या या लोकांनी काळ्या मातीत कापूस, मिरची, ऊस लावायला शिकून घेतले, पंपाची भाषा शिकली, बँकेची शिकली. ही लहान कामगिरी नाही. तिचे कौतुक आपण फारच कमी केले.

पण सरपण विकत घ्यावे लागते हे त्यांना डोंगरात माहीत नव्हते. चारा, मोहफुले, टेंभरे, चारोळी, नदीतले मासे हे सारे मोजणीबाहेर राहिले. एका गावाची कुटुंबे चार वसाहतींत विखुरली गेली, भावकी तुटली. ज्या वनजमिनीवर वसाहती झाल्या तिच्यातली काही जमीन तळोद्यातले स्थानिक आदिवासी आधीपासून कसत होते. त्यांच्याही पोटाचा प्रश्न उभा राहिला आणि गरीब गरिबासमोर ठाकला. दोघांचेही म्हणणे खरे होते. एकाचे पुनर्वसन करताना दुसऱ्याला विस्थापित करायचे नाही, हा धडा आपण तेव्हाच शिकायला हवा होता.

सगळेच खाली उतरले असेही नाही. अनेक कुटुंबे आजही काठावर, जलाशयाच्या वर डोंगरात राहतात. सप्टेंबर 2019 मध्ये धरण पहिल्यांदा 138.68 मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले. त्याआधीच जुन्या पाऊलवाटा पाण्याखाली गेल्या होत्या आणि होडी हीच त्यांची एसटी झाली होती. त्याच वर्षीच्या संक्रांतीला भुषा इथे बोट उलटून माणसे दगावली, मुलेही होती त्यांत. आजारी माणूस, बाळंतीण, रेशनचे धान्य, मतदानाची पेटी, सारे पाण्यावरून जाते. 2020 च्या टाळेबंदीत चिमलखेडीच्या एका अंगणवाडी सेविकेने स्वतः होडी वल्हवत काठावरच्या पाड्यांपर्यंत पोषण आहार पोहोचवला. दूरवरच्या वर्तमानपत्रांनीही तिची दखल घेतली. तिचा अभिमान आपल्याला वाटतोच. पण दरवेळी एका बाईच्या दंडातल्या ताकदीवर व्यवस्था चालवायची नसते.

आपण म्हणू, हा प्रश्न शासनाचा. शासनाचा आहेच, आणि ते काम त्याच्याकडून करून घ्यायचेच आहे. पण या धरणाच्या वीजघरांची क्षमता 1,450 मेगावॅट आहे आणि त्या विजेत महाराष्ट्राचा वाटा 27 टक्के आहे. ही वीज कुणा एका खात्याच्या कोठारात जात नाही. ती आपल्या घरांत येते. आपल्या गिरण्या, पंप, शाळांचे संगणक तिच्यावर चालतात. घेणारे आपण असू तर देणेकरीही आपणच.

आणि महाराष्ट्राला हे नवे नाही. 1921 मध्ये सेनापती बापटांबरोबर मुळशीचे मावळे टाटांच्या धरणासमोर उभे राहिले. 1960 च्या दशकात कोयना खोऱ्यातून उठलेल्या कुटुंबांची नातवंडे अजून जमिनीचे कागद घेऊन फिरताहेत. विस्थापितांच्या चळवळींच्या रेट्यामुळेच 1976 मध्ये पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा करणारे आपण देशातले पहिले राज्य ठरलो. कोयनेने आपल्याला दाखवून दिले आहे की अर्धवट सोडलेले पुनर्वसन पुढच्या पिढीच्या डोक्यावर बसते. नर्मदेचे तसे होऊ द्यायचे नसेल तर वेळ हीच आहे.

मग करायचे काय? पुष्कळ काही, आणि ते आपल्या हातातले आहे.

पहिले काम आठवणी उतरवून घेण्याचे. नंदुरबार, शहादा, तळोदा, अक्कलकुवा, धडगाव इथे महाविद्यालये आहेत, राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे होतात. एक शिबिर झाडलोटीऐवजी वसाहतीत घेऊ या. प्रत्येक मुलामुलीने एका आजीजवळ किंवा आजोबांजवळ बसावे. मोबाइलवर आवाज मुद्रित करावा, पावरी किंवा भिलोरी जी बोली असेल तिच्यातच. शेताच्या चतुःसीमा, नाल्याची नावे, देवाचे ठिकाण, कोणत्या साली पाणी कुठवर आले, कोण कुठे गेले. शक्य असेल तिथे जमिनीवर काठीने गावाचा नकाशा काढून घ्यावा, त्याचा फोटो काढावा. आपल्या वर्गातली किती मुले याच घरांतली आहेत! त्यांच्याइतके हे काम कुणालाच चांगले जमणार नाही. नंदिनी ओझा यांनी नर्मदेच्या लढ्याचा मौखिक इतिहास जमवला. केशवभाऊ आणि केवलसिंग वसावे यांच्या मुलाखतींचे त्यांचे ‘लढा नर्मदेचा’ हे पुस्तक मराठीत आहे. ते वाचले की कळते, एक माणूस बोलू लागला तर केवढे खोरे उभे राहते.

दुसरे काम कागदांचे. गावागावांत निवृत्त तलाठी आहेत, मंडळ अधिकारी आहेत, शिक्षक आहेत, तरुण वकील आहेत. त्यांनी महिन्यातला एक रविवार एका वसाहतीला द्यावा. सातबारा कुणाच्या नावावर आहे, वारसनोंद झाली का, ताबा दिलेली जमीन आणि कागदावरची जमीन एकच आहे का, घराच्या जागेची नोंद कुठे आहे? वडील वारले आणि वारसनोंद राहिली, तर मिळालेली जमीनसुद्धा पुढच्या पिढीत गुंत्यात सापडते. एका अर्जाने सुटणारी गाठ दहा वर्षांनी कोर्टात जाते.

तिसरे म्हणजे लवादाची ती यादी. ती छापून प्रत्येक वसाहतीच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचू या. शाळा आहे का, खोल्या किती? विहिरीला उन्हाळ्यात पाणी असते का? दवाखान्यात माणूस बसतो का? पार आहे का? जे नाही त्याचा ठराव करू, ठरावाची प्रत पुनर्वसन अधिकाऱ्यांकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे देऊ, पोच घेऊ. तिथे बसलेल्या अधिकाऱ्यांतही मनापासून काम करणारे आहेत. नेमकी मागणी आणि पक्का पुरावा हातात पडला तर त्यांचेही काम सोपे होते. आणि जिथे पार नाही तिथे सरकारची वाट पाहायचीही गरज नाही. या पावसाळ्यात एक वड लावू या.

काठावरच्या गावांना वेगळी सोबत हवी. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला चिमलखेडी आणि निमगव्हाणला लोकांनीच जीवनशाळा सुरू केल्या. मुले आधी आपल्या बोलीत शिकली, मग मराठीत आली. त्या शाळांना पुस्तके लागतात, शिक्षक लागतात, सुट्टीत आठ दिवस येऊन गणित किंवा विज्ञान शिकवणारी माणसे लागतात. जलाशयात विस्थापितांनी मच्छीमार सहकारी संस्था उभ्या केल्या आहेत. त्यांची मासळी, डोंगरातला आमचूर, मोलगी-धडगावच्या बाजाराची भगर वाजवी भावाने घेणारा व्यापारी आपल्यातलाच असायला हवा.

जे पुण्या-मुंबईत आहेत, त्यांनाही बाजूला राहता येणार नाही. छायाचित्रे, चित्रफिती, जुने अहवाल, पत्रके, सर्वेक्षणाचे तक्ते चाळीस वर्षांत कितीतरी कार्यकर्त्यांनी, पत्रकारांनी, संशोधकांनी जमवले. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने त्या काळी पुनर्वसनाचे मूल्यमापन केले होते. यातले जे जे आपल्या माळ्यावर, कपाटात, जुन्या संगणकात पडले असेल ते शोधा, प्रती काढा आणि नंदुरबारला पाठवा. एखाद्या फोटोतल्या घरामागचे शेत आज कुणाला तरी हवे असेल.

माझा विश्वास आहे की हे होईल. ज्यांनी कमरेइतक्या पाण्यात उभे राहून आपले म्हणणे सोडले नाही त्यांची नातवंडे आज शिक्षिका आहेत, परिचारिका आहेत, सरपंच आहेत. त्यांना कुणाची दया नको आहे. एक रविवार, एक मुद्रण, एक अर्ज, एवढे मागणे आहे. पावसाळ्याआधी प्रत्येक वसाहतीतल्या किमान दहा वृद्धांची साक्ष मुद्रित व्हायला हवी. आपल्या जवळच्या वसाहतीची जबाबदारी घ्या, शेजाऱ्याला सोबत घ्या आणि येत्या रविवारी निघा.