पाहुण्याची नजर

हरणीचे नाव परगावच्या माणसास बहुधा दोन कारणांनी ठाऊक असते. बडोद्याचा विमानतळ येथे आहे आणि भीडभंजन हनुमानाचे देवस्थानही येथेच आहे. त्यामुळे दूरदेशीचा एखादा प्रवासी विमानातून उतरून शहराकडे निघाला, म्हणजे भारताच्या नित्य जीवनाचे पहिले दर्शन त्यास आमच्याच परिसरात घडते. त्यातून तो शनिवार असला तर मग पाहावयासच नको. रुईच्या माळा, तेल, शेंदूर, नारळ यांनी दुकाने भरलेली असतात. कचेरीस निघालेला कारकून स्कूटर क्षणभर थांबवितो, पायांतील चपला काढतो आणि रस्त्यावरूनच हात जोडतो. पाठीवर दप्तर असलेला मुलगा टाचा उंचावून घंटा वाजवितो व तसाच शाळेकडे पळतो. घराच्या अंगणात तुळशीला पाणी घालता घालता आजीबाई दूधवाल्याशी महिन्याचा हिशेब करीत असतात, आणि या दोन कामांत काही विसंगती आहे असे ना त्यांस वाटते, ना दूधवाल्यास.

पाहुण्यास नवल वाटते ते नेमके याचे. त्याच्या देशी प्रार्थनेचा वार निराळा, जागा निराळी. येथे देव आणि व्यवहार एकाच सकाळी एकाच रस्त्याने चालताना दिसतात. ते पाहून कोणी म्हणतो, ‘केवढा हा श्रद्धाळू देश!’ दुसरा म्हणतो, ‘केवढा हा गलका, केवढा हा गोंधळ!’ पहिल्याचे बोलणे ऐकून आपण फुलून जातो, दुसऱ्याचे ऐकून आपल्या अंगाचा तिळपापड होतो. आमच्या मते दोन्ही उतावीळपणाचे आहे. परक्याचे पहिले मत आपण न्यायाधीशाच्या निकालासारखे ऐकतो; ते परीक्षकाच्या प्रश्नासारखे ऐकले पाहिजे. प्रश्न विचारून पाहुणा निघून जातो. उत्तर लिहिण्याचे काम येथे राहणाऱ्यांचे असते.

असे प्रश्न विचारणारे पाहुणे या मुलुखात पूर्वीही येऊन गेले आहेत. १८२५ च्या मार्च महिन्यात कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर बडोद्यास आले. त्या वेळी गादीवर दुसरे सयाजीराव गायकवाड होते. बडोद्याहून पुढे नडियाद येथे त्यांची व सहजानंद स्वामींची, म्हणजेच स्वामीनारायणांची, भेट झाली. स्वामींच्या उपदेशाने अनेक दांडग्या लोकांनी लुटालूट व मद्यपान सोडले, ही वार्ता हेबरसाहेबांच्या कानी आली होती आणि तिचे त्यांस मोठे कौतुक होते. परंतु बोलता बोलता कृष्णाच्या चित्राची पूजा दृष्टीस पडली, आणि त्यांची निराशा झाली. स्वामी आपल्या मताच्या जवळ आले असतील, अशी त्यांची मनोमन आशा होती. गंमत अशी की, या भेटीस दोन्ही धर्मोपदेशक सशस्त्र स्वारांचा लवाजमा घेऊन आले होते आणि त्यातील अवघडलेपण स्वतः हेबर यांनीच आपल्या रोजनिशीत प्रांजळपणे नमूद केले आहे. ती रोजनिशी त्यांच्या निधनानंतर १८२८ साली प्रसिद्ध झाली. सद्वर्तनाचे फळ या प्रवाशास दिसले, ते खरेच होते. ज्या भक्तीच्या मुळातून ते फळ आले, तेथे मात्र त्यांची नजर अडखळली.

दुसरा पाहुणा इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर. १९२१ साली ते थोरल्या पातीच्या देवास संस्थानात महाराज तुकोजीराव पवार यांचे खाजगी चिटणीस म्हणून राहिले. पवारांचे ते मराठी संस्थान. तेथील गोकुळाष्टमीचा उत्सव त्यांनी अगदी जवळून पाहिला. सजावट त्यांस बेढब वाटली, गोंगाटाने जीव नकोसा झाला. परंतु देवापुढे नाचणाऱ्या, गाणाऱ्या महाराजांच्या व इतर भक्तांच्या मुद्रेवर जो आनंद उमटला होता, तो पाहून ते अंतर्मुख झाले. आपल्यास उमगले नाही ते उमगले नाही, असे त्यांनी घरी लिहिलेल्या पत्रांत मोकळेपणाने मान्य केले. १९५३ साली ती पत्रे ग्रंथरूपाने बाहेर पडली. हेबरांच्या मनात उत्तर आधीच तयार होते. फॉर्स्टर यांनी प्रश्न उघडा ठेवला. पाहुणा असावा तर असा, असे आम्हास वाटते.

तिसरा प्रवासी परका नव्हता, पण परक्यासारखाच आला. अरविंद घोष यांस वयाच्या सातव्या वर्षी इंग्लंडास नेण्यात आले. १८९३ च्या फेब्रुवारीत ते मुंबईच्या बंदरावर उतरले, तेव्हा आपल्यावर एक गाढ शांतता उतरली, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. ही त्यांची पहिली दृष्टी. परंतु तेवढ्यावर ते थांबले नाहीत. बडोदे संस्थानच्या नोकरीत तेरा वर्षे राहून त्यांनी कचेरीचे काम केले, महाविद्यालयात शिकविले, संस्कृत, बंगाली, मराठी व गुजराती या भाषांचा अभ्यास केला. पुढे १९०८ च्या जानेवारीत याच बडोद्यात विष्णु भास्कर लेले या मराठी योग्याच्या सहवासात तीन दिवस एकांतात बसून त्यांस चित्ताच्या निःस्तब्धतेचा अनुभव आला. बंदरावरचा तो क्षण आणि ही अनुभूती यांच्यामध्ये पंधरा वर्षे आहेत, आणि त्यांतील बहुतेक वर्षे रोजच्या साध्या कामाची आहेत.

आता हरणीतील ज्या स्थळाची गोष्ट आम्ही सांगणार आहोत, ते पाहुण्याच्या पहिल्या नजरेत येत नाही. ते म्हणजे मोटनाथ तलाव. १८ जानेवारी २०२४ रोजी सहलीस आलेल्या शाळकरी मुलांची नाव येथे उलटली. १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका यांचा अंत झाला. आमच्याच वयाची, आमच्यापेक्षाही लहान अशी ती मुले. ज्या गावात संकट निवारणाऱ्या देवापुढे दर शनिवारी रांग लागते, त्याच गावात हे घडले. पाहुण्याने आपल्या श्रद्धेची कितीही स्तुती केली, तरी या तळ्याच्या काठी ती स्तुती आमच्या घशाखाली उतरत नाही.

श्रद्धा खोटी आहे, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. आमचे म्हणणे एवढेच की, देव आणि व्यवहार एकाच रस्त्याने चालतात ही जर आपली खूण असेल, तर नावेत बसलेली माणसे मोजणे, प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट आहे की नाही हे पाहणे, यालाही पूजेइतकेच पवित्र मानले पाहिजे. घंटा वाजविणारा हात ते जाकीट बांधताना आळसावता कामा नये.

आपल्या हनुमानाच्या नावातच याची शिकवण आहे. गुजरातीत ‘भीड’ म्हणजे संकट. ते भंग करणारा तो भीडभंजन. मराठीत मात्र ‘भीड’ म्हणजे संकोच, आणि भीड भिकेची बहीण, असे आपल्या वाडवडिलांनी सांगून ठेवले आहे. आम्ही मराठी मुले या देवापुढे उभे राहतो, तेव्हा दोन्ही अर्थ आमच्या कानी पडतात. संकट यावयाच्या आधी ‘नावेत किती जण बसले?’ असे विचारण्यास जी भीड आड येते, ती आधी मोडली पाहिजे. ती मोडण्याचे बळ त्याने आम्हास द्यावे, एवढेच मागणे पुढच्या शनिवारी आम्ही मागणार आहोत.